जुना 'मॅड' हातात आला तर शेवटून आणि कडेने वाचा

'मॅड' या अमेरिकन विनोदी मासिकाचा जुना अंक मिळाला की मुखपृष्ठ उलटून पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. बहुतेक जण तेच करतात. चार पानं उलटतात तोच साठ वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा अमेरिकन टीव्ही मालिकेचं विडंबन लागतं, त्यातलं एकही तोंड ओळखीचं नसतं, आणि 'काय हा पाणचटपणा' म्हणून अंक रद्दीत जातो. तिथून तो माझ्याकडे येतो, म्हणून माझी तक्रार नाही. पण वाचायचाच असेल तर त्याची एक रीत आहे.

मी छापखानेवाला. पुण्यात ऑफसेट चालवलं, आता मुलगा बघतो. मुंबईला कामाला गेलो की फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकवाल्यांकडे उकिडवा बसायची सवय आहे, आणि हे अंक बहुतेक तिथलेच. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते साहित्याच्या अंगाने कमी आणि कागद, शाई, घडीच्या अंगाने जास्त असेल.

आधी अंक कुठला ते बघा

मॅड सुरू झाला ऑक्टोबर-नोव्हेंबर 1952 ची तारीख लावून, दहा सेंटचं रंगीत कॉमिक बुक म्हणून. प्रकाशक विल्यम गेन्स, संपादक हार्वी कर्ट्झमन. असे 23 अंक निघाले. ते फुटपाथवर मिळायचे नाहीत. मिळालेच तर पुनर्मुद्रण आहे असं धरून चाला. जुलै 1955 चा 24 वा अंक मासिकाच्या आकारात आला, आतून काळा-पांढरा, किंमत 25 सेंट.

कॉमिक्सवर सेन्सॉरशिप आली म्हणून गेन्सने मासिकाची पळवाट काढली, असं सगळीकडे सांगतात. 1954 ची कॉमिक्सपुरती आचारसंहिता खरीच, तिने गेन्सचा भयकथांचा धंदा बसवला हेही खरं. पण आकार बदलला तो कर्ट्झमनला दुसऱ्या मासिकाकडून नोकरीचं बोलावणं आलं म्हणून. त्याला 'खरं' मासिक काढायचं होतं, आणि माणूस हातचा जाऊ नये म्हणून गेन्स 'बरं, काढ' म्हणाला. आचारसंहितेतून सुटका हा वरचा नफा. कर्ट्झमन 1956 मध्ये मॅड सोडून गेला. मग ॲल फेल्डस्टीन आला आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत संपादक राहिला. सत्तरच्या दशकात खप वीस लाखांच्या वर गेला तो त्याच्याच हाताखाली.

नवख्याने 1964 ते 1980 मधला अंक शोधावा. सगळी गाजलेली माणसं एकाच वेळी हजर असलेला तो काळ आहे. वर्षाला अंक आठच निघायचे, त्यामुळे दोन अंकांमध्ये एखादा महिना गाळलेला दिसला तर दुकानदाराशी हुज्जत घालू नका. किंमत पेन्समध्ये छापलेली असेल तर ती ब्रिटिश आवृत्ती. 1959 पासून ती वेगळी निघायची, अंकांचे क्रमांकही वेगळे. वाचायला हरकत नाही, पण अमेरिकन संचात तो क्रमांक जुळवत बसाल तर डोकं फिरेल.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. 1957 पासून 2001 पर्यंत मॅडने बाहेरची एकही जाहिरात घेतली नाही. तेव्हा या काळातल्या अंकात सिगारेट, साबण, विमा असलं काही पानभर, गुळगुळीत, अगदी खरं वाटणारं दिसलं तर ती थट्टा आहे. सिगारेटवाल्यांची तर त्यांनी पिसं काढली, आणि तीही तंबाखूच्या जाहिरातींवर बाकीची मासिकं पोट भरत होती तेव्हा. 2001 नंतर खऱ्या जाहिराती घेऊन पानं रंगीत केली. धंदेवाला म्हणून मला ते समजतं. वाचक म्हणून मी ते अंक विकत घेत नाही.

पहिलं पान म्हणजे शेवटचं

अंक उलटा करा, मागचं कव्हर उघडा. कव्हरच्या आतल्या बाजूला पानभर चित्र असेल, वर एक प्रश्न, खाली चार ओळींचा मजकूर, आणि कडेला ए आणि बी अशा दोन खुणा. हा 'फोल्ड-इन'. चित्रकार ॲल जॅफी.

घालायची घडी अशी: पान ए आणि बीच्या मधोमध दुमडून उजवा भाग डावीकडे आणायचा, मग त्याच भागाची कडेची पट्टी बीच्या रेषेवर पुन्हा उजवीकडे परतवायची. बीची घडी बरोबर एच्या रेषेवर बसली पाहिजे. मधलं चित्र पोटात गडप होतं, डावी-उजवी टोकं एकमेकांना भिडतात, आणि वरच्या प्रश्नाचं उत्तर असलेलं नवंच चित्र तयार होतं. खालचा मजकूरही तसाच मधून गळून नवं वाक्य बनतं. नीट जुळलं की रेषा इतकी बिनतोड बसते की छापताना रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंगाची जुळणी, चुकवून शिव्या खाल्लेल्या माणसाला अजूनही हेवा वाटतो.

आपल्याकडे 'आवाज'च्या दिवाळी अंकातली खिडकी-चित्रं पाहिलेल्यांना ही जात लगेच कळेल. फरक एवढाच की तिथे खिडकीतून चावट वाटलेलं पान उलटल्यावर सोवळं निघतं. जॅफीकडे बहुतेक वेळा उलटं: पूर्ण चित्र साधंसुधं, घडी घातली की चपराक.

पहिला फोल्ड-इन एप्रिल 1964 च्या 86 व्या अंकातला, काळा-पांढरा. त्या वेळी 'प्लेबॉय'सारखी मासिकं मधलं रंगीत पान बाहेर उलगडायची. जॅफीला वाटलं, आपण स्वस्तातले लोक, आपण आत दुमडावं. विषय नटी एलिझाबेथ टेलर आणि नट रिचर्ड बर्टन. घडी घातली की बाई गर्दीतल्या तिसऱ्याच माणसाच्या मिठीत. एकदाचाच विनोद म्हणून त्याने तो दिला होता. पुढे 2020 पर्यंत, वयाची नव्व्याण्णवी गाठेपर्यंत, तो हेच करत राहिला. 2023 मध्ये एकशे दोनाव्या वर्षी गेला.

मला खरं कौतुक कशाचं, तर तो मूळ चित्र जाड बोर्डावर रंगवायचा. बोर्ड दुमडत नाही. म्हणजे घडी जुळली का हे त्याला छापील अंक हातात पडल्यावरच दिसायचं. कामाची दिशाही उलटी: आधी उत्तराचं चित्र, मग ते मधून फाकवून दोन्ही टोकांमध्ये खोटं जग भरायचं. संगणक आल्यावर हे कुणालाही जमेल असं म्हणणाऱ्या पोरांना मी माझ्या टेबलावर बसवून पाहिलंय. तासाभरात चहा मागतात.

आता महत्त्वाचं. तुमच्या अंकातला फोल्ड-इन आजवर कुणी दुमडलेला नसेल, तर तुम्हीही दुमडू नका. ते पान म्हणजे कव्हर. त्याच्या पाठीवर मागच्या मुखपृष्ठाचं चित्र आहे, आणि जुन्या कव्हरवर घडी बसली की शाई तिथे तडकते. एक घडी घालून तुम्ही दोन चित्रं मारता, शिवाय संग्राहक लगेच भाव पाडतो. मग बघायचं कसं? पान न दाबता, बोटांनी नुसतं फुगवून बी एवर टेकवा. मधला भाग मागे नळीसारखा गोल राहू द्या. किंवा फोनवर फोटो काढून प्रिंट घ्या आणि तिची हवी तेवढी घडी घाला. आधीच घडी पडलेला अंक मिळाला तर मात्र नशीब समजा. स्वस्तात मिळतो आणि बिनधास्त दुमडता येतो.

मग मार्जिन

आता पुढून सुरुवात करा, पण मजकूर वाचू नका. पानाच्या कडेला, दोन चौकटींच्या फटीत, कोपऱ्यात नखाएवढी चित्रं दिसतील. शब्द नाहीत, मथळा नाही. ही सर्जिओ अरागोनेसची. जन्म स्पेनचा, वाढला मेक्सिकोत, 1962 मध्ये न्यूयॉर्कला आला तेव्हा इंग्रजीची बोंब. मॅडच्या कचेरीत गेला तो तिथे प्रोहियास नावाचा एक स्पॅनिश बोलणारा चित्रकार आहे, तो दुभाष्याचं काम करेल या आशेने. प्रोहियासचं इंग्रजी त्याच्याहून कच्चं निघालं. पण चित्रांना भाषा कुठे लागते? 1963 पासून त्याची चित्रं मार्जिनमध्ये बसली ती बसलीच. एवढ्या वर्षांत एकच अंक चुकला म्हणतात, तोही टपालातल्या गोंधळामुळे.

भिंग घ्या. चेष्टा करत नाही, साधं दहा रुपयांचं भिंग घ्या. आणि एका बैठकीत सगळी चित्रं बघू नका. मी तीन-चार पानं बघतो आणि ठेवतो. त्याचा विनोद सावलीत असतो: माणूस नम्रपणे साहेबापुढे उभा, भिंतीवरची त्याची सावली साहेबाच्या ढुंगणावर लाथ घालतेय. एवढंच. पण ते एवढंच दोन सेंटीमीटरमध्ये, शाईच्या पाच-सहा फटकाऱ्यांत.

इथे घेणाऱ्यासाठी सूचना. बारा-पंधरा अंक एकत्र बांधून केलेले जाड खंड कधीकधी ग्रंथालयांच्या रद्दीत निघतात. कापडी पाठ, सोनेरी अक्षरं, फार देखणं प्रकरण. घेण्याआधी उघडा आणि कडा बघा. बाइंडरने कटिंग मशीनवर तिन्ही बाजू सफाईने छाटल्या असतील तर अरागोनेसची निम्मी माणसं बिनडोक्याची झालेली असतात. असा एक खंड माझ्या कपाटात आहे. पाहुण्यांना दाखवायला ठेवलाय, की छाटणी का विचारून करावी.

काळा हेर, पांढरा हेर

अंतोनियो प्रोहियास क्यूबाचा. तिथे व्यंगचित्रकारांच्या संघटनेचा अध्यक्ष होता, राजकीय चित्रं काढायचा. कॅस्ट्रोवर टीका सुरू केल्यावर त्याला अमेरिकेचा हेर ठरवलं गेलं. 1 मे 1960 रोजी तो न्यूयॉर्कला निघून आला, पोटासाठी कपड्यांच्या कारखान्यात राबला, आणि हेर म्हटलंच आहे तर हेरच काढू म्हणून 'स्पाय व्हर्सेस स्पाय' काढून मॅडकडे घेऊन गेला. जानेवारी 1961 च्या 60 व्या अंकापासून ते सुरू झालं.

वाचताना शीर्षकाच्या खाली बघा, टिंबं आणि रेघा आहेत. नक्षी म्हणून सोडू नका, मोर्स कोड आहे. रेघ-टिंब-टिंब-टिंब म्हणजे बी. रेघ-टिंब-रेघ-रेघ म्हणजे वाय. पुढे टिंब-रेघ-रेघ-टिंब, म्हणजे पी. पुढची अक्षरं तुम्हीच लावा, चित्रकाराची सही निघेल. मुलांना हा उद्योग द्या, दुपार शांत जाते.

काळा चांगला की पांढरा, हे शोधू नका. या खेपेला हा मरतो, पुढच्या खेपेला तो. फक्त मध्ये कधी करड्या कपड्यांतली हेर बाई आली तर पैज तिच्यावर लावा; ती कायम जिंकते. आणि चौकटी उलट्या क्रमानेही एकदा वाचून बघा. शेवटच्या स्फोटाची वायर दुसऱ्या चौकटीपासूनच चित्रात पसरलेली असते.

बाकीची मंडळी

डॉन मार्टिन या चित्रकाराची पानं मोठ्याने वाचा. त्याच्या माणसांचे पाय पुढून बिजागरीसारखे दुमडतात आणि कुणाला काही लागलं की 'श्टॉइंक' असला आवाज येतो. त्याने स्वतःच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही तोच आवाज घेतला होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हक्कांवरून वाजलं आणि तो प्रतिस्पर्धी मासिकाकडे गेला. गेन्सचा नियमच तसा होता: पैसे चित्र पसंत पडल्याबरोबर, पण हक्क सगळे कंपनीचे. पहिला भाग ऐकून चित्रकार खूश व्हायचे, दुसरा भाग म्हातारपणी आठवायचा.

डेव्ह बर्गचं 'लायटर साइड' हे सदर सगळ्यात सोपं. डॉक्टर, ऑफिस, शेजारी, पोरंबाळं. काही विनोद शिळे झालेत, बायकांवरचे तर फारच. पण 1960 च्या दशकातल्या अमेरिकन मध्यमवर्गाची बैठकीची खोली, त्यांच्या विजारी, त्यांचे फोन बघायचे तर याच्यासारखं दुसरं नाही.

चित्रपटाचं विडंबन कसं वाचायचं

अडखळायचं ते इथेच. उपाय सोपा आहे: अंक विडंबन बघून निवडा. तुम्ही पाहिलेला चित्रपट शोधा. 'गॉडफादर' पाहिला असेल तर डिसेंबर 1972 चा 155 वा अंक, त्यात 'द ऑडफादर'. 'स्टार ट्रेक' माहीत असेल तर डिसेंबर 1967 चा 115 वा, 'स्टार ब्लेख'. ही दोन्ही चित्रं मॉर्ट ड्रकरची. त्याच्याकडे बघताना आधी संवाद वाचू नका, नुसते चेहरे आणि हात बघा. एकच नट सात चौकटींत सात कोनांतून, आणि प्रत्येकात तोच. व्यंगचित्रात नाक लांब करणं कुणालाही येतं. मान वळवून पाठमोरा उभा केलेला माणूस ओळखू येणं ही दुसरी गोष्ट. संवाद दुसऱ्या फेरीत, आणि मागे उभी असलेली गर्दी तिसऱ्या फेरीत, कारण तिथे भलत्याच चित्रपटांतली माणसं घुसलेली असतात.

'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक'चं विडंबन ड्रकरने काढलं, लिहिलं डिक डीबार्टोलोने. ते आल्यावर 'स्टार वॉर्स'वाल्या ल्युकसच्या कंपनीच्या वकिलांनी धमकीचं पत्र पाठवलं. दरम्यान खुद्द जॉर्ज ल्युकसचं पत्र येऊन पडलं होतं, तोंड भरून स्तुती करणारं, मूळ चित्रं विकत मिळतील का असं विचारणारं. मॅडने वकिलांना उत्तर म्हणून त्याचीच प्रत पाठवून दिली.

गाणी गाऊन वाचा

'अमुक चालीवर' असं लिहिलेली पानं दिसतील. ती बहुधा फ्रँक जेकब्ज किंवा लॅरी सीगल यांची. मूळ गाणं आधी फोनवर लावून ऐका, मग मॅडचे शब्द त्या चालीवर म्हणा. मनात वाचलंत तर निम्मी गंमत गेली. 1961 च्या अशाच एका गाण्यांच्या पुरवणीवरून अर्व्हिंग बर्लिन आणि इतर संगीतकारांच्या प्रकाशकांनी 25 गाण्यांसाठी खटला भरला. बर्लिनच्या 'सुंदर मुलगी म्हणजे जणू एक सुरावट' या गाण्यावर मॅडने दुखणी मोजत बसणारी लुएला श्वार्ट्झ नावाची बाई उभी केली होती. खालच्या कोर्टात 23 गाण्यांचा निकाल मॅडच्या बाजूने, 1964 मध्ये वरच्या कोर्टात पंचवीसच्या पंचवीस. बर्लिन कितीही थोर असला तरी कवितेच्या छंदावर मालकी सांगता येणार नाही, असं न्यायमूर्तींनी सुनावलं. आपल्याकडे विडंबनकाव्य लिहिणाऱ्यांनी हा निकाल वाचायला हवा.

जाडी

संगणकशास्त्र शिकलेल्यांना डोनाल्ड नुथ हे नाव सांगायला नको. या माणसाचा छापून आलेला पहिला लेख मॅडमध्ये आहे. जून 1957, अंक 33, 'पोट्रझेबी' नावाची वजनमापांची पद्धत. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा पोरगा होता. लांबीचं मूळ एकक काय, तर मॅडच्या 26 व्या अंकाची जाडी: 2.2633484517438173216473 मिलिमीटर. छापखान्यात आम्ही मायक्रोमीटरने कागद मोजतो, त्यात दशांशचिन्हापुढचे दोन-तीन आकडे खरे असतात. पुढचे एकोणीस-वीस ही शुद्ध टवाळी, आणि ती टवाळी आहे हे समजायला मोजमापाचं काम कधीतरी केलेलं असावं लागतं.

घेताना, ठेवताना

दुकानदारासमोरच अंक उघडून मधल्या पिना बघा. मुंबईच्या हवेत पिना गंजतात आणि भोवतीचा कागद तपकिरी होऊन सुटतो. मधलं जोडपान निघून आलं तर पुढचा पावसाळा अंक काढणार नाही. मग वर्गणीचं कूपन कापलेलं आहे का ते बघा, कारण कूपनच्या पाठीमागे कुणाचं तरी चित्र गेलेलं असतं. 'सुपर स्पेशल' नावाचा विशेषांक असेल तर पुरवणी शोधा. 1980 च्या एका स्पेशलमध्ये लवचिक प्लास्टिकची तबकडी होती, गाणं एक आणि शेवट आठ; सुई कुठल्या खाचेत पडेल त्यावर शेवट ठरायचा. तबकडीसकट तो अंक कुणी देत असेल तर घासाघीस करू नका, घेऊन निघा.

घरी आणल्यावर लॅमिनेशन नको, सेलोटेप तर अजिबात नको. चिकटपट्टी दहा वर्षांत पिवळी पडते आणि निघताना शाई घेऊन निघते. फाटलेलं पान जोडायचं तर पातळ टिश्यू आणि खळ, आमचे जुने बाइंडर करायचे तसं. पीव्हीसीच्या पिशवीला छपाई चिकटते, पॉलिएस्टरची पिशवी घ्या. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, अंक आडवे रचा, एकावर एक वीसपेक्षा जास्त नकोत. गंजलेल्या पिना वरून खेचू नका. अंक मधोमध उघडून, पिनेची टोकं सुरीच्या बोथट बाजूने सरळ करा, आतून ढकलून बाहेर काढा आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून गाठ आतल्या बाजूला मारा.